ग्रीसच्या बेअरिंगमध्ये तेल आणि परत न आलेले चार व्हॉल्व्ह

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय: गॅरार्ड 301 टर्नटेबलचं सर्व्हिसमध्ये झालेलं नुकसान आणि क्वाड टू अँप्लिफायरचे मूळ व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्याकडे सर्व्हिसला दिलेलं माझं रेकॉर्ड वाजवायचं गॅरार्ड 301 टर्नटेबल आणि क्वाड टू अँप्लिफायरची जोडी मागच्या आठवड्यात परत आली. खोकी उघडल्यापासून जे जे दिसलं ते मी लिहून ठेवलं आहे. फोनवर दोनदा बोलले, पण दोन्ही वेळा समोर वेगळा माणूस होता आणि दोन्ही वेळा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. म्हणून आता हे लेखी पत्र.

एरवी ही कामं मी घरीच करते. यंदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही महिने बारीक सोल्डरिंग करू नका म्हणून बजावलं, तेव्हा पहिल्यांदाच माझी यंत्रं दुसऱ्याच्या हातात दिली. देताना प्रत्येक यंत्रासोबत चिठ्ठी लावली होती: काय करायचं, कशाला हात लावायचा नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग परत पाठवायचा. त्या चिठ्ठ्या मिळाल्याची सही तुमच्या पावतीवर आहे.

आधी टर्नटेबलचं सांगते. ते एकाच कामासाठी दिलं होतं. बंद करताना स्पीकरमधून ‘ठक’ असा आवाज यायचा, म्हणजे स्विचवरचा सप्रेसर, स्विच बंद होताना उडणारी ठिणगी दाबणारा भाग, गेला होता. ते काम तुम्ही नीट केलं आहे, नवा भाग मेन्सच्या व्होल्टेजला चालणारा, योग्य रेटिंगचा लावला आहे आणि आवाज पूर्ण गेला आहे. तेवढ्यावर थांबला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

जॉब कार्डावर पुढची ओळ आहे: ‘बेअरिंग साफ केले, ऑइल बदलले.’ बदललं, म्हणजे आत आधीपासून तेल होतं असं धरून चाललात. माझ्या यंत्रात तेल कधीच नव्हतं. 301 बाजारात आलं 1954 साली आणि 1965 मध्ये त्याच्या जागी 401 हे पुढचं मॉडेल आलं. मधल्या काळात कारखान्याने बेअरिंगची रचनाच बदलली. सुरुवातीच्या यंत्रांत ग्रीसचं बेअरिंग आहे, नंतरच्यांत तेलाचं. माझं यंत्र सुरुवातीचं, करड्या हॅमरटोन रंगाचं. रंगावरून दर वेळी खात्री देता येत नाही हे मान्य, पण यंत्र उलटं करून बेअरिंगचा तळ बघितला की शंका उरत नाही. ग्रीसच्या बेअरिंगला खाली फिरवायची टोपी असते. ती अधूनमधून थोडी आवळली की आतलं ग्रीस वर सरकतं आणि स्पिंडलभोवती, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्याभोवती, पसरतं. तुमच्या माणसाने बेअरिंग साफ केलं, म्हणजे ही टोपी त्याने हाताने उघडली असणार. ग्रीस पुसून काढताना तरी मनात यायला हवं होतं की इथे ग्रीस आहे ते कशासाठी.

ग्रीसच्या बेअरिंगमध्ये पातळ तेल थांबत नाही. ते धरून ठेवायला खाली पक्कं सील नाही, त्यामुळे ते गळून जातं. यंत्र आलं त्या रात्री मी ते स्टँडवर ठेवलं आणि सवयीने खाली पांढरा कागद घातला. सकाळी कागदावर वाटीच्या तळाएवढा डाग होता. त्यात सोनेरी तेल होतं आणि तेलात काळपट झाक. ती काळपट झाक बघून पोटात गोळा आला, कारण स्वच्छ तेल धातूवरून गेल्याशिवाय काळं होत नाही. दुपारी प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची जड तबकडी, काढून स्पिंडल हाताने हळू फिरवला. पूर्वी तो लोण्यातून फिरावा तसा फिरायचा. आता बोटांना बारीक करकर लागते. भाच्याकडून फोनवर जवळून फोटो काढून घेतले. स्पिंडलच्या पोलादावर केसाएवढी एक गोल रेघ उठली आहे. यंत्र पाठवण्याआधी काढलेल्या फोटोत ती नाही. दोन्ही फोटो पत्रासोबत जोडले आहेत.

पार्सलमध्ये खोकं कधीतरी आडवं झालं असणार, कारण तेल वरच्या बाजूनेही बाहेर आलं आहे. ते प्लॅटरच्या आतल्या कडेला लागलं आणि तिथून आयडलर या रबरी चाकावर पोचलं. 301 ची सगळी चाल या आयडलरवर आहे. मोटरची पुली आयडलरला फिरवते, आयडलर प्लॅटरच्या आतल्या कडेला घासून प्लॅटरला फिरवतो. तिथे तेल लागलं की रबर निसटणारच. वेग तपासायची स्ट्रोबोस्कोपची रेषांची चकती ठेवून बघितली. 50 हर्ट्झच्या दिव्याखाली 33⅓ च्या वेगाला 180 रेषांचं वर्तुळ जागच्या जागी उभं दिसायला हवं. माझ्याकडे रेषा मागे मागे सरकत होत्या, आणि वेग जुळवायची नॉब शेवटपर्यंत फिरवली तरी थांबेनात. यंत्र तुमच्याकडे पाठवण्याआधीचा माझा व्हिडिओ आहे. त्यात नॉब मध्यावर आहे आणि रेषा स्थिर आहेत. रेकॉर्डवर पियानोचा लांब सूर लागला की आता तो ओला झाल्यासारखा लवतो. ज्यांना हे ऐकू येतं त्यांना त्याचा किती त्रास होतो, ते हाय-फाय दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या तुमच्यासारख्या कंपनीला वेगळं सांगायला नको.

पॅकिंगबद्दलही लिहायलाच हवं. खोकं उघडलं तेव्हा प्लॅटर स्पिंडलवर तसाच होता आणि स्विच ‘ऑन’वर होता. एवढा जड प्लॅटर स्पिंडलवर ठेवून यंत्र पाठवलं की वाटेतला प्रत्येक धक्का थेट बेअरिंगला बसतो. प्लॅटर काढून वेगळा गुंडाळायचा असतो. मोटर स्प्रिंगांवर टांगलेली असते, तीही हलू नये म्हणून फोमचे तुकडे घालून बसवायची असते. ते तुकडे मी जाताना घातले होते. येताना ते खोक्यात होते, पण एका कोपऱ्यात गोळा करून. स्विचचं तर त्याहून वाईट वाटलं. या यंत्रात स्विच बंद केला की आयडलर पुलीपासून आणि प्लॅटरपासून सुटा होतो. रबर एकाच जागी दाबून राहू नये म्हणूनच ही योजना आहे. तुमच्याकडून ते पार्सलच्या सगळ्या प्रवासात दाबलेलं राहिलं. आता प्रत्येक फेऱ्याला स्पीकरमधून धप, धप असं ऐकू येतं.

आणि तो आयडलर माझा नाहीच. तुम्ही नवा लावला आहे. माझा जुना आयडलर शांत चालायचा, त्याच्यावर खाच नव्हती, रबर कडक झालं नव्हतं. तो का काढला याचं कारण जॉब कार्डावर नाही, आणि काढलेला आयडलर खोक्यातही नाही.

आता अँप्लिफायरबद्दल. क्वाड टूची ही जोडी माझ्याकडे टर्नटेबलच्याही आधीपासून आहे. हे डिझाइन 1953 सालचं, पीटर वॉकर यांच्या कंपनीचं. प्रत्येक अँप्लिफायरला दोन केटी66, दोन ईएफ86 आणि एक जीझेड32, एवढ्या व्हॉल्व्हवर ते 15 वॅट देतं, आणि ते 15 वॅट मला आजवर कधी कमी पडले नाहीत. डाव्या बाजूच्या अँप्लिफायरमध्ये घरघर सुरू झाली होती. केटी66 च्या दोन्ही कॅथोडना मिळून जो 180 ओहमचा एकच रेझिस्टर असतो, तो मोजल्यावर 214 ओहम भरला. या अँप्लिफायरची ही जुनी खोड आहे. तो रेझिस्टर गरम होऊन होऊन सरकतो, आणि त्याच्याशेजारचा कपॅसिटर त्याच उष्णतेने सुकतो. चिठ्ठीत मी लिहिलं होतं: दोन्ही अँप्लिफायरमधले रेझिस्टर आणि कपॅसिटर बदला, व्हॉल्व्हना हात लावू नका. रेझिस्टर आणि कपॅसिटर उत्तम बदलले आहेत, सोल्डरचा सांधा बघून समाधान वाटलं, घरघर गेली. ज्यांनी ते केलं त्यांना माझ्यातर्फे तसं जरूर सांगा.

पण चारही केटी66 बदलले आहेत. फोनवर मला सांगण्यात आलं की, ‘मॅडम, नवीन टाकलेत, तुमचा फायदाच झाला.’ माझा काहीही फायदा झालेला नाही. माझे व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये जीईसीने बनवलेले होते. त्यांचं उत्पादन केव्हाच थांबलं आहे, आणि आज केटी66 या नावाने जे नवे मिळतात ते वेगळ्या कारखान्यांचे आहेत. नवे वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण माझे चांगले चालत होते. दोन वर्षं शोधून, एकेक मोजून, मी त्यांच्या जोड्या जुळवल्या होत्या. एका रेझिस्टरवर दोन व्हॉल्व्ह चालतात, म्हणून जोडी जुळवणं महत्त्वाचं आहे. एक जास्त करंट ओढू लागला की ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंचा तोल जातो.

तुम्ही बसवलेल्यांचं मी मोजून बघितलं. त्या 180 ओहमवर साधारण 26 व्होल्ट यायला हवेत. उजव्या अँप्लिफायरवर 26 च्या आसपासच येतात. डाव्यावर 31 येतात. म्हणजे डावीकडची जोडी ठरल्यापेक्षा बरीच जास्त तापते आहे. व्हॉल्व्ह जळला तर दुसरा मिळेल, पण त्या जादा करंटने आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर या अँप्लिफायरचा आत्माच गेला, कारण कॅथोडचं वेगळं वाइंडिंग त्या ट्रान्सफॉर्मरमध्येच आहे आणि वॉकर यांच्या डिझाइनची सगळी करामत तिथे आहे. मी तो अँप्लिफायर बंद करून ठेवला आहे. घरात गेला आठवडाभर गाणं वाजलेलं नाही.

माझ्याकडे प्रत्येक यंत्राची एक वही आहे. यंत्र कुणाकडून आलं, कुठल्या तारखेला काय बदललं, काढलेला भाग कुठल्या पाकिटात आहे, बदलण्याआधी आणि नंतर काय मोजमाप आलं, सगळं तिच्यात असतं. 301 च्या वहीत माझ्याआधीच्या मालकाच्या अक्षरातली चार पानंही आहेत. त्याने कुठलं ग्रीस भरलं ते मला त्या पानांवरून कळलं, आणि माझ्यानंतर हे यंत्र ज्याच्याकडे जाईल त्याला माझ्या पानांवरून कळेल. तुमच्या सर्व्हिससाठी मी तारीख घालून एक पान सोडलं आहे. ते अजून कोरं आहे. कुठल्या सॉल्व्हंटने ग्रीस काढलं, कुठलं तेल घातलं, आयडलर कुठून आणला, यातलं काहीच तुम्ही लिहून दिलेलं नाही. दुसऱ्या फोनवर उत्तर मिळालं ते असं: ‘आम्ही सगळ्या टर्नटेबलना तेच तेल वापरतो.’ या वाक्याने मला माझ्या यंत्राइतकीच दुसऱ्यांच्या यंत्रांचीही काळजी वाटू लागली. या क्षणी तुमच्या टेबलावर आणखी एखादं ग्रीसचं 301 असेल, तर कृपा करून हे पत्र आधी त्या माणसाला वाचायला द्या, मग मला उत्तर लिहा.

माझी मागणी अशी आहे. सगळ्यात आधी माझे चार केटी66 आणि जुना आयडलर शोधा. व्हॉल्व्ह ओळखायला सोपे आहेत: तळाच्या कडेला पांढऱ्या रंगाचे ठिपके आहेत, डावीकडच्या दोघांना एकेक, उजवीकडच्या दोघांना दोन-दोन. एकाच्या काचेवरची छपाई अर्धी पुसली आहे. फोनवर कुणी ‘स्टोअरमध्ये असतील’ म्हणालं, कुणी ‘टाकून दिले असतील’ म्हणालं. दोन्हीपैकी खरं काय ते मला नक्की हवं आहे. ते मिळाले की तुम्ही बसवलेले चार आणि नवा आयडलर मी जसेच्या तसे परत करीन आणि त्यांची रक्कम बिलातून वजा व्हावी.

टर्नटेबलवर सप्रेसर सोडून जे काम केलं त्याचे पैसे परत करावेत. स्पिंडलवर उठलेली रेघ कशी काढायची, की बेअरिंगच बदलावं लागेल, ते मी माझ्या माहितीतल्या जाणकाराला दाखवणार आहे. तो खर्च तुम्ही द्यावा. यंत्र पुन्हा तुमच्याकडे पाठवायला मी तयार नाही, त्यामुळे ‘परत पाठवा, बघून घेऊ’ असं उत्तर कृपया नको. आणि वापरलेलं तेल, सॉल्व्हंट आणि आयडलरचा पुरवठादार यांची माहिती कंपनीच्या कागदावर, सहीनिशी द्यावी. ती मी वहीत चिकटवणार आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक म्हणून मला पुढे दाद मागावी लागेल. पावती, चिठ्ठ्यांच्या प्रती, जॉब कार्ड, फोटो आणि व्होल्टेजच्या नोंदी माझ्याकडे तयार आहेत, व्हिडिओही आहे.

व्हॉल्व्ह सापडले तर ते घाईघाईत पाठवू नका. प्रत्येक वेगळा गुंडाळा, पिना वाकू नयेत म्हणून खाली फोम घाला, चौघांना उभं ठेवून खोक्यात बसवा आणि खोक्यावर वरची बाजू कुठली ते लिहा. पार्सल नेमकं कधी येणार ते आदल्या दिवशी कळवा, मी घरी थांबेन.

आपली,
एक ग्राहक

सोबत: फोटो, जॉब कार्डाची प्रत, चिठ्ठ्यांच्या प्रती, मोजमापांची नोंद