कौलं परतणाऱ्या मंडळींचे आभार

मृग लागायच्या आत सावंतवाडीजवळच्या आमच्या जुन्या घराची मंगलोरी कौलं परतून, म्हणजे काढून-तपासून पुन्हा नीट बसवून झाली, ती ज्यांच्यामुळे, त्यांचे मनापासून आभार. नावं लिहू नका, असं त्यांनीच बजावलंय.

वर चढलेल्या दादांनी नुसती फुटकी कौलं बदलली नाहीत. कौलांखालची एकेक रीप (लाकडी पट्टी) ठोकून पाहिली, वाळवीने पोखरलेल्या काढल्या, पन्हळीतला कुजका पाला उपसला. माकडांनी सरकवलेली कौलं तर खालून दिसतही नव्हती! कौलांवरचं शेवाळ घासणाऱ्या वहिनींचेही आभार. आणि आपल्या पडक्या गोठ्याची कौलं फुकट देणाऱ्या काकांचे विशेष. वेगळ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसत नाही, म्हणून त्यांनी कौलामागचा कारखान्याचा छाप जुळवूनच दिली. पैसे घेतले नाहीत, निदान गणपतीत जेवायला तरी या.