थोरल्यावर रागावू नकोस

खानापूर,
श्रावण

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला पुरतं बोलू देणार नाहीस, म्हणून लिहायला बसलो. बहिणीच्या बाळाच्या बारशाला पोर्ट ब्लेअरला यायचं तर जाऊन-येऊन चार दिवसांची रजा लागेल, असं लक्षद्वीपात अगत्ती बेटावर असलेला तुझा थोरला मुलगा म्हणाला आणि तू त्याच्याशी बोलणंच टाकलंस. गड्या, पोरगा खरं सांगतोय.

तुझा प्रश्न असा, की दोन्ही बेटांवर विमानतळ आहेत, तर सकाळी निघून दुपारी का पोचत नाही? अगत्ती आणि पोर्ट ब्लेअर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 11 अंशांच्या आसपास. रेखांशात साडेवीस अंशांचा फरक. तिथं एक अंश म्हणजे सुमारे 109 किलोमीटर, म्हणजे सरळ अंतर झालं 2,240 किलोमीटर. जेट विमानानं फार तर तीन तास. पण ते जेट अगत्तीहून उडणार कसं? तिथली धावपट्टी जेमतेम 1,200 मीटर, बेटाच्या दक्षिण टोकाला, दोन्ही बाजूंना पाणी. तिथं एटीआर जातीचं पंख्याचं छोटं विमान उतरतं. ते तासाला पाचशेच्या आसपास जातं, आणि प्रवासी भरून एका दमात दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे जाणं त्याच्या टाकीला झेपत नाही. ज्याला तिथून उडता येतं त्याला पोर्ट ब्लेअर गाठता येत नाही, आणि ज्याला गाठता येतं त्याला तिथून उडता येत नाही.

मग कोची, चेन्नई असं जावं लागतं. अगत्ती-कोची सुमारे 465 किलोमीटर, कोची-चेन्नई 515, चेन्नई-पोर्ट ब्लेअर 1,370. बेरीज 2,350. वळसा फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटरचा! हवेतला वेळही मिळून पाच तासांच्या घरातच. वेळ जातो तो जमिनीवर, एक विमान सोडून दुसरं धरण्यात. अगत्तीचं विमान तासाभरानं जरी लांबलं, तरी पुढचं हुकून रात्र चेन्नईत काढावी लागते. त्यात हा पावसाळा. ढग खाली उतरून धावपट्टी दिसेना, तर वैमानिक उतरणार कसा?

वाऱ्याचंही सांगतो, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर वारा नैऋत्येकडून येतो, पण दक्षिण भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर तो उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. म्हणून या दिवसांत चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना वारा समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. जाण्यापेक्षा येणं थोडं लवकर होतं.

आणि मुहूर्त काढताना हे लक्षात ठेव: घड्याळ दोन्हीकडे एकच असलं, तरी सूर्य लेकीकडे थोरल्यापेक्षा जवळपास 1 तास 20 मिनिटं आधी उगवतो. निपाणीच्या पंचांगातली सूर्योदयाची वेळ तिथं चालणार नाही. भटजींना तिथलं गणित करायला सांग.

तू आणि वहिनी बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूरमार्गे जा, ते सोपं आहे. बारसं मात्र रविवारी ठेव, म्हणजे थोरला शुक्रवारी निघून चेन्नईत मुक्काम करेल आणि शनिवारी पोचेल. वाटेत काही अडलं, तरी हाताशी एक दिवस उरतो. रविवारच्या आदल्या-नंतरच्या सुट्ट्या बघून तारीख मला कळव. त्याआधी आज रात्री त्याला फोन कर. त्याला भाचीला बघायचंय रे, माझ्याशी बोलताना त्याचा आवाज भरून आला होता.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दत्ता