संगीतनगरीत संगीताची सरकारी शाळा का नाही?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

डिसेंबर आला की ग्वाल्हेरला आठवतं की आपण संगीतनगरी आहोत. हजीऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी मंडप पडतो, बाहेरगावचे कलाकार येतात, पेपरात फोटो येतात, आणि मग जानेवारीत बोर्डाच्या परीक्षेचं वारं सुटलं की सगळं शांत. २०२३ मध्ये युनेस्कोनं आपल्याला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं, त्याच वर्षी डिसेंबरात किल्ल्यावर हजाराहून जास्त तबलजींनी एकत्र वाजवून गिनिज रेकॉर्ड केलं. कौतुकच आहे, नाही कशाला म्हणू. पण अशा कार्यक्रमात तबला मांडून बसणारी शाळकरी पोरं दहावीला आली की तबला कपाटावर चढतो आणि पोरगं कोचिंगला जातं, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरीच गाणं शिकवते, त्यामुळे हे रोज बघते. आपल्याकडे वरच्या शिक्षणाची सोय चांगली आहे हो. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ चं, माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी राजाभैया पूछवाल्यांसारख्या इथल्याच गवयांना तयार करून ते उभं केलं, आणि २००८ पासून तर राजा मानसिंह तोमरांच्या नावाचं अख्खं संगीत विद्यापीठ आहे. पण बारावीनंतर विद्यापीठात जाणार कोण? गळा आणि हात घडतो तो दहा ते सतरा या वयात, आणि नेमक्या त्या वर्षांत आपण मुलाला सांगतो आधी मार्क आण मग बघू. सकाळी सातला शाळेची व्हॅन, दुपारी ट्युशन, संध्याकाळी होमवर्क, रियाज कधी करायचा तर रात्री नऊनंतर, तेव्हा शेजारच्यांचा टीव्ही आणि आपला तानपुरा यात टीव्ही जिंकतो. माझ्याकडच्या एका मुलाला त्याच्या शाळेनं स्पर्धेसाठी दोन दिवसांची सुट्टी नाकारली, हजेरी कमी पडेल म्हणून, आणि तीच शाळा स्नेहसंमेलनात सरस्वती वंदना म्हणायला त्यालाच उभं करते.

माझं म्हणणं एवढंच आहे की मध्य प्रदेश सरकारनं ग्वाल्हेरात सहावी ते बारावी अशी एक निवासी शाळा काढावी, फी नको, बोर्ड नेहमीचा, गणित विज्ञान सगळं असेल, पण दिवसातले तीन-चार तास टाइमटेबलमध्येच संगीताचे. यात जगावेगळं काही मागत नाहीये. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया नावाच्या महापौरानं १९३६ मध्ये कलेकडे ओढा असलेल्या मुलांसाठी सरकारी हायस्कूल काढलं, ते आजही त्याच्या नावानं चालू आहे, नववी ते बारावी, फुकट, प्रवेश ऑडिशनवर, तिथली पोरं अर्धा दिवस इंग्रजी गणित करतात आणि उरलेल्या वेळात गातात वाजवतात. मॉस्कोत तर १९३० च्या दशकात संगीत महाविद्यालयाला जोडूनच मुलांची शाळा निघाली. आणि लांब कशाला जायचं, आपल्या ग्वाल्हेरच्या कंपू भागातच बघा, २००६ पासून मुलींची हॉकी अकादमी आहे, राहणं, जेवण, शिक्षण, स्टिक, बूट, सगळं सरकारचं. ट्रायल घेऊन मुली निवडतात आणि कुणी म्हणत नाही की हा अन्याय आहे. नवोदयला सहावीत परीक्षा असते, जिल्ह्याच्या उत्कृष्ट विद्यालयात नववीला परीक्षा असते. म्हणजे निवड करून सरकारी शाळेत घ्यायची पद्धत आपल्याकडे आहेच, फक्त सुराला ती कधी लावली नाही.

आता खरी गोम निवडीतच आहे आणि त्यावर मला जरा जास्तच बोलायचंय. सरकारी पद्धतीनं गेलं तर काय होणार, तर फॉर्मला सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा, दहा मिनिटं एक तयार राग गाऊन दाखवा, पाच जण मार्क देणार, झालं. यात कुणाचं पोर निवडलं जाईल हे मी आत्ता सांगते, ज्याच्या आईवडिलांनी तीन वर्षं महागडी ट्युशन लावून एकच यमन राग घोटून घेतलाय त्याचं. माझ्याकडे आठवीतली एक मुलगी येते, वडील दाल बाजारात हमाली करतात, एकाही परीक्षेला बसलेली नाही कारण फॉर्मची फी. परवा मी मोबाइलवर तानपुरा लावून पेटीवर सरगम देत होते तर ती मधेच थांबली, म्हणाली काकू पेटी का 'ग' ऊपर लग रहा है. बरोबर आहे, पेटीचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढाच असतो, पण ते कळायला मोठ्यांना वर्षं लागतात, आणि कित्येकांना शेवटपर्यंत कळत नाही. या मुलीची दहा मिनिटांची ऑडिशन घेतली तर ती चक्क नापास होईल, कारण तिची तान अजून तयार नाही आणि माणसं बघून ती घाबरते.

म्हणून पहिली फेरी पडद्याआडून ऐका. मुलाचं नाव, आडनाव, गुरूचं नाव काही कळता कामा नये. सा, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलून द्या आणि तीच ओळ म्हणायला लावा, एकानं टाळी धरायची आणि दुसऱ्यानं लय दुप्पट करायची, असं काहीतरी जे घोटून येत नाही. मग त्यातली मुलं आठवडाभर शिबिराला बोलवा, सकाळी सगळ्यांना एकच नवी चीज, म्हणजे बंदिश, शिकवा आणि संध्याकाळी ऐका. कोण किती पुढे गेलं ते बघायचं, कोण आधीच किती पुढे होतं ते नाही. परीक्षक मात्र धारवाड, पुणे, कोलकाता कुठलेही आणा, ग्वाल्हेरचे नकोत. रागावू नका, पण इथे प्रत्येक जण कुणाचा तरी शिष्य आणि कुणाचा तरी व्याही आहे. आणि मार्कशीट फक्त पास आहे का एवढ्यापुरती बघा. त्या न्यूयॉर्कच्या शाळेतच मार्कांना फार वजन दिलं जातंय म्हणून २०१९ मध्ये पोरं शाळेत ठिय्या देऊन बसली होती.

मुलग्यांचं अजून एक. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. काळी चारमधून (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) मोकळं गाणारा पोरगा सहा महिन्यांत खाली काळी एकवर येतो आणि मधल्या काळात त्याचा सा कुठे आहे ते त्यालाच सापडत नाही. अशा वेळी नेहमीच्या शाळेत गाणं सुटतं ते सुटतंच. संगीताच्या शाळेत हे गृहीत धरलेलं असायला हवं, त्या वर्षी त्याला खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, हळू गाऊ द्या, तबला किंवा सतार हातात द्या, बंदिशी पाठ करून घ्या, पण वार्षिक परीक्षेत आवाज बसला म्हणून काढून टाकू नका. कुठल्याही जीआरमध्ये हे कलम नसणार म्हणून इथे लिहितेय.

काही बुजुर्ग म्हणतील गाणं शाळेत होत नाही, ते गुरूच्या घरी होतं. जुन्या काळचे मोठे गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन वासुदेवबुवा जोशींकडे राहून शिकले, तीच गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. मान्य, शंभर टक्के मान्य. पण त्या वाटेनं साध्या घरातली किती पोरं गेली असतील आणि मुली तर किती? आणि पलुस्करांनी स्वतः १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलंच ना, लोकांकडून पैसे उभे करून. गुरू शाळेत आणा की, आठवड्यातून चार दिवस येतील, मानधन वेळेवर द्या एवढंच. मानधनाचं वेळेवर हे मुद्दाम लिहिलंय, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

शिकून पोरं करणार काय हा प्रश्न येणारच. सगळी काही मंचावर बसणार नाहीत, बसूही नयेत. कुणी शाळेत संगीत शिक्षक होईल, कुणी साउंड रेकॉर्डिंगमध्ये जाईल, कुणी चक्क बँकेत लागेल आणि संध्याकाळी गाईल, बारावी बोर्डाची असल्यामुळे कुठलीच वाट बंद होत नाही. उलट पेटी दुरुस्ती, तबल्याला शाई भरणं, तानपुऱ्याची जवारी काढणं (तारेला गुंजणारा नाद यावा म्हणून घोडी घासून बसवणं) हेही तिथे शिकवा, हे काम करणारी माणसं इथे कमी होत चाललीत, माझी पेटी दुरुस्तीला टाकली की महिना महिना परत येत नाही.

इमारतीला नवीन पैसे नसतील तर एखाद्या सरकारी शाळेचा एक विंग आणि शेजारी हॉस्टेल एवढ्यावर सुरुवात करा, पहिल्या वर्षी तीस मुलं घेतली तरी पुष्कळ. आणि फॉर्म फक्त ऑनलाइन नको. भिंड, मुरैना, दतियाकडच्या गावात भजनमंडळीत ढोलक वाजवणाऱ्या पोराला कोण फॉर्म भरून देणार? तिथल्या प्राथमिक शाळेच्या मास्तरांनाच विचारा, गावात कुणाचा हात चालतो आणि कोण सुरात गातं हे त्यांना माहीत असतं, त्यांच्याकडूनच नावं मागवा आणि पोराच्या येण्याजाण्याचं भाडं शाळेनं द्यावं.

आपली,
एक संगीत शिक्षिका, लष्कर, ग्वाल्हेर