घड्याळ मोडीत घालण्याआधी झाकण उघडून बघा

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार,

सोन्याचा भाव चढल्यापासून आमच्या नौपाड्यात घरोघरचं जुनं सोनं बाहेर निघतंय, ठीक आहे, ज्याची त्याची गरज असते. पण त्यात पणजोबांची खिशातली घड्याळंपण मोडीत चाललीत आणि ते बघून फार वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात घरचं घड्याळ घेऊन एका सराफाकडे गेलो होतो, चेनची कडी जोडून घ्यायला फक्त. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, काका मशिन काढून देतो, सोन्याची केस वजनावर घेतो. त्याने एक प्लास्टिकचा डबा दाखवला, त्यात तीन मशिनं सुटी पडलेली, केसेस आधीच आटवून झालेल्या. एकाच्या पांढऱ्या तबकडीला बारीक चीर होती, काटे पावणेदहावर थांबलेले.

तिथून उठलो आणि स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळवाल्यांकडे गेलो. त्यांनी नखाने मागचं झाकण उघडलं, आत अजून एक झाकण, मग मशिन. त्यावर वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स (अमेरिकेतलं गाव) आणि नंबर, त्या नंबरावरून घड्याळ साधारण कुठल्या सालचं ते कळतं. पण झाकणाच्या आतून मुकुट, १८, जहाजाचा नांगर आणि ए.एल.डी. अशी अक्षरं! नांगर म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची छाप, १८ म्हणजे कॅरेट, आणि ए.एल.डी. म्हणजे केस बनवणारा आरन लफकिन डेनिसन.

पूर्वी कारागीर एकेक भाग हाताने घासून बसवायचे, एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात जायचं नाही. बंदुकांचे भाग यंत्रावर एकसारखे होतात तसे घड्याळाचे का नाही, हे डेनिसनच्या डोक्यात आलं आणि १८५० मध्ये त्याने भागीदारांबरोबर अमेरिकेत कारखाना काढला, तो पुढे वॉल्थमला गेला. १८५७ मध्ये दिवाळं निघालं, लिलाव झाला, कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली. पुढे साठी उलटल्यावर त्याने बर्मिंगहॅमला केसेस बनवायचा धंदा सुरू केला, आणि त्या बसायच्या वॉल्थमच्याच मशिनांवर. म्हणजे हातातून गेलेल्या कंपनीच्या घड्याळांना तो केस घालत होता, आणि त्यातलं एक आमच्या कपाटात!

माझी विनंती एवढीच, विकायचं तर विका, पण आधी झाकण उघडून नाव आणि नंबर वाचा, फोटो काढून ठेवा. सराफांनीपण आटवण्याआधी गिऱ्हाइकाला आतली छाप दाखवावी, दोन मिनिटांचं काम आहे.

त्या डब्यातली मशिनं विकत घ्यायला परवा परत गेलो होतो, पावणेदहावालं तोवर भंगारात गेलं होतं.

एक वाचक, नौपाडा, ठाणे