काळ्या मातीतील घरकुले आणि गटारीचा निधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात प्रधानमंत्री आवास योजनेतून (ग्रामीण) राज्यातील २० लाख कुटुंबांना घरकुलाची मंजुरीपत्रे आणि १० लाख कुटुंबांना पहिला हप्ता देण्यात आला. तेव्हापासून घरकुलांच्या बातम्यांत ‘मंजूर किती, पूर्ण किती’ एवढेच छापून येते. उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शी या पट्ट्यात तिसरा प्रश्न विचारायला हवा: पूर्ण झालेले घर दोन पावसाळ्यांनंतर कसे आहे? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, चौकटीत अडकणारे दार आणि बाहेरच्या बाजूने खचलेला कोबा दिसला, तर दोष बहुतेक वेळा गवंड्याचा नसतो. तो पायाखालच्या काळ्या मातीचा असतो, आणि त्या मातीत मुरणाऱ्या सांडपाण्याचा.

काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या घराखालीही पडतातच. पाऊस झाला की घराच्या कडेची माती आधी फुगते, मधली कोरडीच राहते. भिंत एका अंगाने उचलली जाते, दुसऱ्या अंगाने बसते. म्हणून पाया मुरूम, म्हणजे काळ्या मातीखालचा न फुगणारा कठीण थर, लागेपर्यंत न्यावा लागतो.

हिशोब मांडून पाहू. बाहेरून १६ बाय २० फुटांचे घर धरले, तर आतून साधारण २५ चौरस मीटर भरते, म्हणजे योजनेचा किमान आकार. चारही भिंती आणि मधली एक मिळून ८५ फूट पाया होतो. मुरूम ४ फुटांवर लागला आणि चर अडीच फूट रुंद घेतला, तर ८५० घनफूट, म्हणजे साडेआठ ब्रास खोदाई. निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतच्या भरावात, भरायची नाही. पैसे वाचवायला नेमके तेच केले जाते आणि पुढे फरशी मधोमध फुगते. दीड फूट जोत्यासाठी दबाई धरून ५ ब्रास मुरूम लागतो. तो ६ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकत भरावा. वर ९ इंच रुंद, ६ इंच जाड आरसीसी पट्टी घ्यावी. त्यात १० मिलिमीटरचे चार गज आणि दर ८ इंचांवर रिंग, असे सुमारे ९० किलो लोखंड बसते. ही पट्टी सगळ्या भिंतींना एकत्र बांधून ठेवते. काटकसर करायचीच असेल तर ती गिलाव्यात, रंगात, दाराच्या नक्षीत करा. या पट्टीत नको.

एवढे सगळे १५ हजारांच्या पहिल्या हप्त्यात बसवायचे असते. पुढचा हप्ता जोत्याचा फोटो चढल्यावर मिळतो. म्हणजे जिथे खर्च सर्वांत जास्त, तिथे हातात पैसा सर्वांत कमी. मग माणूस दोन फुटांवर पाया थांबवतो, फोटो निघतो, हप्ताही येतो. फोटोत पायाची खोली दिसत नाही. डोंगराळ भागाला केंद्राने घरामागे अनुदान १ लाख २० हजारांऐवजी १ लाख ३० हजार ठरवले, कारण तिथे बांधकाम अवघड असते. काळ्या मातीसाठी असा वेगळा दर नाही, आणि १ लाख २० हजारांचा आकडा २०१६ पासून तसाच आहे. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली हे चांगले झाले. मात्र त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी आहेत, घरासाठी ३५ हजारच.

‘२ लाख १० हजारांचे घर’ असे गावोगाव सांगितले जाते. त्यात रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी धरलेली असते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८ हजार ८० रुपये होते. ही रक्कम आपोआप येत नाही. कामाची मागणी नोंदवून हजेरीपट काम सुरू होण्याआधी काढावा लागतो, मागच्या तारखेचा निघत नाही. पाया खोदून झाला आणि मग रोजगार सेवकाकडे गेले, की ते दिवस गेले. शौचालयाचे १२ हजारही जुन्या घरी अनुदान घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा मिळत नाहीत. ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, पण वाहतूक आपली. लांबच्या गावाला ती वाहतूकच जड जाते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहोत तो मुद्दा. चांगला पायाही सतत ओल्या राहणाऱ्या कडेसमोर टिकत नाही. मोरीचे आणि भांड्यांचे पाणी भिंतीलगत सांडले की त्या कोपऱ्यातली माती बारमाही फुगलेली राहते. घराभोवती ३ फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा आणि त्यापुढे पक्की गटार हवी. भूमिहीनांना जागेसाठी पंडित दीनदयाळ योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत अर्थसाहाय्य मिळते. १६ बाय २० चे घर ३ फुटांच्या कोब्यासह २२ बाय २६, म्हणजे ५७२ चौरस फूट होते. घर बसते, कोबा बसत नाही. तेव्हा पाणी बाहेर नेण्याची सोय घरमालकाच्या जागेत होणारच नाही, ती रस्त्याच्या कडेला ग्रामपंचायतीनेच करायला हवी.

यासाठी पैसा नाही असे सांगितले जाते, ते पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचे, होते: निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी, आणि सांडपाण्याचे काम स्वच्छतेतच येते. एखाद्या गावाला वर्षाला १० लाख आले असे धरले, तर ३ लाख स्वच्छतेचे होतात. ते बरेचदा वेशीपासून चावडीपर्यंतच्या जुन्या गटारीवरच फिरतात, कारण घरकुलांची यादी पंचायत समितीच्या एका टेबलावर आणि ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा दुसऱ्या टेबलावर असतो. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे. आराखड्यात नसलेल्या कामाचे देयक ऑनलाइन निघत नाही. म्हणून ग्रामसभेतच मंजूर घरकुलांची यादी वाचावी, नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीच्या) क्रमांकानुसार ती गावठाणाच्या नकाशावर मांडावी, आणि जिथे पाच-सहा घरे जवळजवळ आहेत तिथली गटार त्याच वर्षाच्या आराखड्यात घ्यावी. आराखडा होऊन गेला असेल तर पुरवणी आराखडा करावा. घराची जोती बांधण्याआधी पाण्याच्या नळीने लेव्हल काढून १०० फुटांना १ फूट उतार मिळतो का ते बघावे. जोती झाल्यावर गटार काढली की ती कुठे तरी उलटी वाहते, मग कितीही सिमेंट ओता.

गटारीऐवजी प्रत्येक घराला शोषखड्डा मंजूर करण्याची पद्धत वाढली आहे. मुरमाड माळावरच्या वस्तीत तो उत्तम चालतो. काळ्या मातीत पाणी फार सावकाश जिरते; खड्डा तुडुंब भरतो आणि ती ओल थेट पायाला लागते. खड्डा मुरमापर्यंत जात असेल तरच घ्यावा, आणि भिंतीपासून लांब घ्यावा. शौचालयाच्या दोन खड्ड्यांभोवतीही अशा जमिनीत एक फूट जाडीचा वाळू-खडीचा वेढा द्यावा लागतो. अंदाजपत्रकात हा वेढा धरलेला आहे का, ते कुटुंबाने काम सुरू होण्याआधीच विचारावे.

तिऱ्ह्यासारख्या सीनाकाठच्या गावांत जागा निवडताना सप्टेंबर २०२५ च्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते आधी पाहावे. तिथे जोते फूटभर उंच करून भागणार नाही, जागाच बदलावी लागेल.

जिल्हा परिषदेकडे आमची मागणी दोन गोष्टींची आहे. काळ्या मातीच्या गावांची यादी करून तिथे पहिला हप्ता वाढवण्याचा प्रस्ताव राज्याकडे पाठवावा. आणि जोत्याच्या फोटोबरोबर, चर बुजवण्याआधी, टेप लावून काढलेला पायाच्या खोलीचा फोटोही सक्तीचा करावा. अभियंत्याची एक फेरी वाढेल, पण ती फेरी नेमकी त्या दिवशी झाली पाहिजे ज्या दिवशी चर उघडा आहे.

आपले,
उत्तर सोलापूर तालुक्यातील काही गवंडी व ग्रामपंचायत सदस्य