शिवनेरीच्या डागडुजीत शिंदळ माकुडीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत शिवनेरी असल्याने येथील तटबुरुजांच्या डागडुजीला आता वेग येईल, याचा जुन्नरकर म्हणून आनंदच आहे. मात्र त्या कामाच्या आराखड्यात कड्यावरच्या शिंदळ माकुडी या दुर्मीळ वनस्पतीचीही दखल घेतली जावी, एवढ्यासाठी हे पत्र.

रुईच्या कुळातील ही मांसल खोडाची वनस्पती सह्याद्रीतील मोजक्या डोंगरकड्यांखेरीज जगात कोठेही निसर्गतः उगवत नाही. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर भागातूनच तिची पहिली शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. (साहेबाची मर्जी राखण्याची ही त्या काळची रीतच म्हणायची.) पावसाळा सरता सरता तिला नाण्याएवढे, गडद किरमिजी रंगाचे, पिवळ्या ठिपक्यांचे आणि कडांना बारीक केसांची झालर असलेले फूल येते.

अडचण अशी की, डागडुजीची कामे साहजिकच कोरड्या दिवसांत निघतात आणि नेमकी तेव्हाच ही वनस्पती पाने गाळून बसते. मग कपारीतून लोंबणारी तिची बोडकी, बोटभर जाडीची खोडे तटावरचे गवत-झुडूप काढणाऱ्या मजुराला निरुपयोगी वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. म्हणून पाने-फुले असताना, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, जाणकारांकडून कड्यांची पाहणी करून तिच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात आणि सफाईच्या कंत्राटात त्या जागा स्पष्टपणे वगळाव्यात. नकाशा मात्र जाहीर करू नये, कारण कुंडीत लावण्यासाठी रोपे उपटून नेणारे हौशी लोक आहेतच.

ही वनस्पती खोडाच्या तुकड्यापासून कुंडीत सहज वाढते, तेव्हा एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु एकाच झाडाच्या तुकड्यांपासून केलेली शंभर रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात; कड्यावर बियांपासून रुजणाऱ्या रोपांतील वैविध्य त्यांच्यात येत नाही. ज्यांना हौस आहे त्यांना रोपवाटिकेतील रोपे जरूर द्यावीत, पण कड्यावरची झाडे आहेत तेथेच राखावीत. उतारावरील गवतात उन्हाळ्यात लागणारे वणवे रोखण्यासाठी जाळरेषाही (गवत जाळून मोकळे ठेवलेले पट्टे) पुरातत्त्व आणि वन या दोन्ही खात्यांनी मिळून, दिवाळीनंतर गवत वाळताच आखून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, जुन्नर (जि. पुणे)