काळुंदर माशाचे मादागास्करी नातलग

संपादक महोदय,

मासळीचा विषय निघाला की पापलेट-सुरमईचाच बोलबाला. खाडीतल्या काळुंदर माशाला कोण विचारतो? अंगभर मोतिया ठिपके असलेल्या या चपट्या माशाचा डीएनए तपासला, तेव्हा भारत-श्रीलंकेतले भाईबंद सोडले तर त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले थेट मादागास्करचे. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. पूर्वज भूखंडाबरोबर इकडे आले की नंतर समुद्र ओलांडून, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. काळुंदर खाऱ्या पाण्यातही सहज तगतो, त्यामुळे मला दुसरी शक्यता पटते. तळ्यांत सोडलेली आफ्रिकेची चिलापीही याच कुळातली. तिला मात्र माणसाने आणले. कुठेही मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तिथल्या मूळ माशांचे जनुकीय नमुने तरी मत्स्य विभागाने जपून ठेवावेत.

– एक वाचक, मालवण